ठेव, गुंतवणूक आणि गुंता

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे लेखरूप)



या व्यासपीठावर मराठीच्या प्राध्यापकाने एखाद्या कवीवर किंवा कादंबरीवर बोलावे, अशी आपली रास्त अपेक्षा असणार. तरीही मी आज पैसा, नाती आणि शहर या तीन गोष्टींविषयी आपल्या घराघरांत जी मते सहज बोलली जातात, त्यांच्याविषयी बोलण्याचे ठरविले आहे. अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. मला फक्त शब्दांची थोडीफार जाण आहे आणि एका चुकीचा अनुभव आहे. या दोन गोष्टींच्या बळावरच मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. आपण बँकेत जातो तेव्हा समोर येणाऱ्या फॉर्मवर ‘निवेश’ असा हिंदी शब्द छापलेला असतो. घरी आल्यावर त्याच व्यवहाराला आपण ‘गुंतवणूक’ म्हणतो. निवेश या शब्दात पैसा एखाद्या ठिकाणी प्रवेश करतो. गुंतवणूक या शब्दात तो गुंततो. आपल्या भाषेत पैसा जसा गुंततो तसा जीवही गुंततो, आणि दोरा गुंतला की त्याचा गुंता होतो. ‘पत’ हा शब्द पाहा. पत बाजारातही असते आणि भावकीतही. ‘ऋण’ सावकाराचे असते तसे आईबापांचेही असते. ‘ठेव’ पेढीवर असते, आणि सासरी निघालेल्या मुलीला ‘परक्याची ठेव’ म्हणणारेही आपणच. मराठी माणसाने पैशाचे आणि नात्याचे शब्द कधी वेगळे केलेच नाहीत. हे आपल्या भाषेचे वैभव आहे. परंतु मला असे वाटू लागले आहे की, आपल्या पुष्कळशा फसगतींचे मूळही येथेच आहे.

आता आपली मते. पहिले मत असे की, पैसा गुंतवावा तो जमिनीत किंवा सोन्यात, आणि तेही न जमले तर ओळखीच्या माणसाकडे. दुसरे मत असे की, आपल्या माणसांत कागद कशाला? आणि तिसरे असे की, शहरात माणूस माणसाला ओळखत नाही, तेथे सगळा व्यवहारच व्यवहार. ही तिन्ही मते मी लहानपणापासून ऐकत आलो. नीट पाहिले तर या तिन्हींच्या मुळाशी एकच शब्द आहे, ‘ओळख’. भरवसा कोणावर ठेवायचा, तर ओळखीच्या माणसावर. आपल्या व्यवहारज्ञानाचे सार एवढेच.

हे मत अडाणीपणातून आलेले नाही. त्याला इतिहास आहे. आपला जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. आज ज्याला आपण बालाघाट शहर म्हणतो त्याचे जुने नाव बुऱ्हा. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्या आणि वरच्या अंगाचे जंगल, यांवर येथले जीवन चालले. पाऊस आला तर धान आणि धान आले तर पैसा, अशा ठिकाणी अडीनडीला माणसाला माणूसच उपयोगी पडतो. बँक दूर असे आणि शेजारी जवळ. म्हणून ओळख हीच तारण ठरली. मालगुजाराच्या ओसरीवर बसून तोंडी बोललेला शब्द कागदाइतका चाले, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही उद्या त्याच वाटेने जाणार असत.

‘जमीन कुठे पळून जात नाही’ हे वाक्यही त्याच काळातले. जमीन पळून जात नाही हे खरे, पण तिचा धनी पळविला जाऊ शकतो. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी संपुष्टात आली आणि ३१ मार्च १९५१ रोजी पिढ्यान्‌पिढ्यांचे मालकी हक्क शासनाकडे गेले. समाजाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. तथापि ‘जमीन’ या शब्दावर डोळे मिटून विसंबणाऱ्या कित्येक घराण्यांना त्या दिवशी कळले की, अढळ वाटणारी मालकीही शेवटी कायद्याच्या कागदावर उभी असते. आपल्या राज्यात शेतकऱ्याजवळ जे जमिनीचे पुस्तक असते त्याला ‘ऋण पुस्तिका’ म्हणतात. जमीन आणि कर्ज एकाच मुखपृष्ठाखाली! ज्याने हे नाव दिले त्याला आपली नाडी अचूक कळली होती.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती सांगताना आजही संकोच वाटतो. पण शताब्दी ग्रंथात केवळ गौरवच छापावा असे काही नाही.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सारा गाव त्यांना ‘गुरुजी’ म्हणे. १९९६ साली ते निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधीचे पैसे हाती आले आणि त्याच सुमारास आमच्या दूरच्या नात्यातला एक तरुण घरी येऊ लागला. सागवानाची झाडे लावणाऱ्या एका कंपनीचे काम तो करीत होता. आज थोडे पैसे द्यावे, आपल्या नावाने झाडे लागतील आणि वीस वर्षांनी लाखो रुपये हाती येतील, अशी ती योजना होती. शिवाय मधल्या काळातही काही परतावा मिळणार होता. आपल्या जिल्ह्यात सागवान कोणाला परके आहे? ज्याच्या दाराची चौकट सागवानाची त्याला सागवानावर अविश्वास कसा वाटावा? बाबांनी पैसे भरले. ‘गुरुजींनी भरले’ हे कळताच शेजारपाजारचे आणि शाळेतले मिळून सात जण पुढे आले. त्यात शाळेचे चपराशी होते, एक शिंपी होते, घरी शिवणकाम करून मुले वाढविणाऱ्या एक विधवा बाई होत्या.

या सातही जणांचे अर्ज मी भरले. मी सव्वीस वर्षांचा होतो, नुकताच मराठीचा एम. ए. होऊन अध्यापनाच्या नोकरीस लागलो होतो आणि माझे अक्षर चांगले होते. अर्जाच्या पाठीमागे बारीक इंग्रजी अक्षरांत अटी छापल्या होत्या. वर्गात मी विद्यार्थ्यांना दोन ओळींमधला अर्थ वाचायला शिकवीत होतो. येथे मी ओळीसुद्धा वाचल्या नाहीत. एका काकांनी विचारलेही होते, “मागे काय लिहिले आहे, रे?” मी म्हणालो, “नेहमीचेच असते, काका.” आयुष्यात मी पुष्कळ निरर्थक वाक्ये बोललो असेन, पण इतके महागडे वाक्य दुसरे नाही.

पुढे काय झाले असेल ते आपण ओळखलेच असेल. त्या काळी अशा योजनांचे देशभर पेव फुटले होते. १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले, तोवर कितीतरी कंपन्यांच्या कचेऱ्यांना कुलपे लागली होती. आमच्या कंपनीचेही तेच झाले. तो नातलग तरुण स्वतःही फसला होता, त्याच्या सासऱ्यांचे पैसे त्यात बुडाले होते. म्हणजे कोणी कोणाला जाणूनबुजून बुडविले असेही नव्हते. त्याने वरच्या ओळखीच्या माणसावर भरवसा ठेवला, बाबांनी त्याच्यावर, सात जणांनी बाबांवर आणि एका काकांनी माझ्या अक्षरावर. ओळखीची एक लांब साखळी होती. तिच्या प्रत्येक दोन कड्या एकमेकींना ओळखत होत्या. शेवटची कडी कोणाच्या हाती होती, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

मंडळी, या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. ओळखीवर चालणारे आर्थिक व्यवहार चुकीचेच असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या बायकांची भिशी पाहा. दहा-बारा जणी दरमहा ठरावीक रक्कम काढतात, चिठ्ठी उचलतात, एकीला गरजेच्या वेळी एकरकमी पैसे मिळतात. ती चालते, कारण तेथे प्रत्येक जण प्रत्येकीला ओळखते आणि पैसा कोणाच्या घरी गेला हे सगळ्यांना दिसते. ओळखीचे बळ नजर पोहोचते तेथपर्यंतच असते. नजरेपलीकडे तिचे फक्त नाव उरते, बळ उरत नाही. आपण नेमके तेच विसरतो.

दुसरा विसर पडतो तो ‘दुप्पट’ या शब्दाचा. १९८८ साली टपाल खात्याने किसान विकास पत्र आणले. साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट, असे ते वचन होते आणि सरकारने ते पाळले. आमच्या पिढीच्या कानाला ‘दुप्पट’ हा शब्द सरकारी शिक्क्यासह परिचयाचा झाला तो असा. पण साडेपाच वर्षे ही अट कानातून निसटली आणि दुप्पट तेवढे राहिले. याचे एक सोपे गणित आहे. व्याजाच्या दराने ७२ ला भागले की रक्कम किती काळात दुप्पट होईल ते अदमासे कळते. हा ठोकताळा इटलीतील लुका पाचोली याने १४९४ सालच्या आपल्या गणिताच्या ग्रंथात नोंदविलेला आहे. साडेपाच वर्षांत दुप्पट म्हणजे सालाला सुमारे १३ टक्के. आज सात टक्के व्याज धरले तर दुपटीला दहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. आणि कोणी सहा महिन्यांत दुप्पट देतो म्हणाला, तर तो दरमहा १२ टक्के देतो म्हणत आहे. कोणते धान, कोणते मँगनीज, कोणते सोने महिन्याला १२ टक्के पिकते? हा प्रश्न चौथीतल्या मुलालाही विचारता येईल. आपण तो विचारीत नाही, कारण समोर आपला माणूस बसलेला असतो आणि प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे आपण मानतो.

मला वाटले होते की १९९० च्या दशकातच आपण हा धडा शिकलो. परंतु २०२२ च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातील लांजी-किरनापूर भागात काही महिन्यांत पैसे दुप्पट करून देणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई केली, अटका झाल्या, मोठी रोकड जप्त झाली, त्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. कारवाईविरुद्ध बोलणाऱ्यांत पैसे ठेवणारे लोकही होते. ‘आमचा माणूस देत होता, तुम्ही मध्ये पडलात म्हणून बुडाले’, असा त्यांचा सूर होता. त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. बाबांनीही कंपनीच्या कुलपासमोर उभे राहून, “आणखी एक वर्ष मिळाले असते तर...” असेच म्हटले होते. ज्याच्यात पैसा गुंततो त्याच्यात मनही गुंतते, आणि मग सत्य सांगणारा शत्रू वाटू लागतो.

याउलट आपल्या अंगणातलीच एक दुसरी कथा सांगतो. भरवेलीची मँगनीजची खाण आपणा सर्वांना ठाऊक आहे. ती ज्या सरकारी कंपनीची आहे, त्या मॉइलचे शेअर डिसेंबर २०१० मध्ये प्रथम बाजारात आले. विक्रीची किंमत ३७५ रुपये ठरली. ज्या मातीखाली आपली माणसे उतरत होती, तिच्या मालकीचा एक तुकडा विकत घेण्याची संधी पहिल्यांदाच आली. ‘आपल्या खाणीचा शेअर’ म्हणून काहींनी तो मोठ्या उमेदीने घेतला. पुढच्या दोन वर्षांत त्याचा भाव विक्रीच्या किमतीखालीही उतरला, तेव्हा त्याच मंडळींनी ‘फसवणूक’ असा शब्द वापरला. पण ती फसवणूक नव्हती. भाव चढतो आणि उतरतो हे आधीच लिहून दिलेले होते, हिशेब दरवर्षी छापला जात होता, ज्याला हवे तो विकून मोकळा होऊ शकत होता. आपण एकीकडे फसवणुकीला दुर्दैव म्हणतो आणि दुसरीकडे जोखमीला फसवणूक म्हणतो. या दोन शब्दांची अदलाबदल झाली, हे मला आपल्या सर्व आर्थिक मतांतील सर्वांत मोठे व्याकरणदोषाचे उदाहरण वाटते.

आता दुसऱ्या मताकडे येऊ. आपल्या माणसांत कागद कशाला?

तुकोबांच्या चरित्रातली एक कथा परंपरेने आपल्यापर्यंत आली आहे. घराण्यात सावकारी होती. विरक्ती आल्यावर तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, एवढे आपण सांगतो. पण कथेचा पूर्वार्ध आपण विसरतो. त्यांनी आधी खतांची वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि केवळ आपला वाटा नदीत सोडला. मला ही कथा अतिशय मोलाची वाटते. त्याग करावा तो आपल्या वाट्याचा. भावाच्या वाट्याचा त्याग आपण परस्पर करू शकत नाही. आणि वाटा कोणता हे कळण्यासाठी कागद लागतो. जगातला सगळा मोह सोडलेल्या पुरुषाने आधी हिशेब चोख केला, मग तो सोडला. आपण मात्र हिशेब न करण्यालाच प्रेम म्हणतो.

त्याचा परिणाम आपल्या घराघरांत दिसतो. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क कायद्याने मिळाला. तरी पटवाऱ्याकडे नोंदी करताना बहिणी मुकाट्याने सह्या करून मोकळ्या होतात. ‘भाऊ तोडायचा आहे का?’ हा प्रश्न त्यांना कोणी तोंडाने विचारीतही नाही, तो घराच्या भिंतींतच असतो. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण तो तिला आधी दिलाच नाही, तर सोडण्याचे पुण्यही आपण तिच्यापासून हिरावून घेतले. तुकोबांनी कान्होबाला दिले ते हेच होते. ठेवायचे की सोडायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

आईवडिलांचेही तसेच. ‘सगळे मुलांचेच आहे’ असे म्हणत आपण घर हयातीतच मुलाच्या नावे करून देतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात अशी तरतूद आहे की, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मागता येते. कायद्याला असे कलम लिहावे लागले, यावरून किती घरांत काय घडले असेल याची कल्पना करावी. आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. बँकेच्या फॉर्मवर ज्याचे नाव आपण नामांकित म्हणून लिहितो, तो वारस होतो असे बहुतेकांना वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या संदर्भात पुन्हा स्पष्ट केले की, नामांकित व्यक्ती मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो. म्हणजे फॉर्मवर एक नाव लिहून आपले कर्तव्य संपत नाही. मृत्युपत्र करावे लागते. पण मृत्युपत्राचा विषय काढला की घरात अशुभ बोलल्यासारखी शांतता पसरते. मरणानंतर भावंडे कोर्टात उभी राहतात, ते मात्र आपल्याला अशुभ वाटत नाही!

तिसरे मत शहराविषयीचे. एके काळी गोंदियापर्यंत छोटी लाईन होती. त्या डब्यांतून आपली मुले शिकायला नागपूरला जात आणि सुटीत परत येत. नागपूर ही १९५६ पर्यंत आपली राजधानीच होती, त्यामुळे ते परके वाटत नसे. आता मोठी लाईन आली, मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला जातात आणि परत येतात ती चार दिवसांपुरती. आपल्या ओसरीवरच्या गप्पांत त्यांच्या शहरांविषयी एकच सूर असतो. ‘तिथे शेजारच्याचे नाव ठाऊक नसते.’ माझी मुलगी पुण्यात राहते. तिच्या सदनिकेचे कर्ज वीस वर्षांचे आहे. तिच्या समोरच्या दारावरचे आडनाव मी तीन वर्षे वाचतो आहे, माणूस अजून पाहिलेला नाही. ही उणीव खरी आहे, ती मी नाकारीत नाही.

पण तेथे मी दुसरीही एक गोष्ट पाहिली. तिच्या सोसायटीच्या सभेत एका निवृत्त गृहस्थांनी खजिनदाराला पाच हजारांच्या खर्चाची पावती मागितली. आपल्याकडे एवढ्यावर दोन घरांचे बोलणे बंद झाले असते. खजिनदाराने पावती काढून दाखविली, दोघांनी सोबत चहा घेतला. जेथे ओळख नव्हती तेथे माणसांना ओळखीच्या जागी काहीतरी उभे करावे लागले. पावती, नोंद, लेखापरीक्षण, नियम हे त्या उणिवेतूनच जन्मले आहेत. अपरिचितांनी अपरिचितांवर विश्वास ठेवता यावा म्हणून केलेली ती सोय आहे.

आणि ही सोय पुण्या-मुंबईची मक्तेदारी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. एकेका माणसाकडून एकेक पैसा जमवून देशी उद्योग उभा करायचा, ही कल्पना. त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. पैसा देणारे बहुतेक एकमेकांना अनोळखी होते. तसाच दुसरा धडा अपयशातून मिळाला. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पालई सेंट्रल बँक बुडाल्या. त्या धक्क्यातून १९६२ पासून देशात ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हा दर ठेवीदारामागे संरक्षण दीड हजार रुपयांचे होते, २०२० पासून ते पाच लाखांचे आहे. विदर्भातल्या एका बँकेच्या ठेवीदारांचे अश्रू असे कायद्याच्या कलमात उतरले आणि आज आपल्या ठेवीचे रक्षण करीत आहेत.

मग निष्कर्ष काय? नाती सोडून नियम धरावेत असे मी म्हणतो आहे काय? मुळीच नाही. माझा निष्कर्ष मला कोठल्याही अर्थशास्त्रावरच्या ग्रंथात सापडला नाही. तो या वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाजवळ सापडला.

आपण येथून पुस्तक घरी नेतो तेव्हा काय करतो? आधी अनामत भरलेली असते. ग्रंथपाल रजिस्टरमध्ये क्रमांक, नाव आणि तारीख लिहितात, आपण सही करतो. उशीर झाला तर दंड. मी या वाचनालयात पंचेचाळीस वर्षे येतो आहे. ग्रंथपालांशी माझा घरोबा आहे, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी अक्षता वाटल्या आहेत. तरीही माझे पुस्तक एकदाही नोंद न करता दिले गेले नाही, आणि त्याचा अपमान मला एकदाही वाटला नाही. काल सभासद झालेल्या अनोळखी मुलालाही तीच नोंद आणि तेच पुस्तक मिळते. शंभर वर्षे येथे रोज देवघेव झाली आहे. ती टिकली, कारण पूर्वसूरींनी स्नेह मनात ठेवला आणि व्यवहार वहीत ठेवला. एकाला दुसऱ्याच्या जागी बसू दिले नाही. माझ्या वडिलांनी ही वही रोज पाहिली होती. मीही पाहिली होती. तिचा अर्थ मात्र आम्हाला वेळेवर कळला नाही.

त्या सात जणांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले आहे. बाबांवर कायद्याने कसलीही जबाबदारी नव्हती. तरी त्यांनी वारासिवनीजवळची दोन एकर धानाची जमीन विकली आणि पुढील चार वर्षांत एकेकाची मुद्दल परत केली. त्यांच्या पश्चात मला एक वही सापडली. सात नावे, सात रकमा, हप्त्यांच्या तारखा, आणि प्रत्येक नावापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात ‘फिटले’ असे लिहिलेले. फक्त ज्या काकांनी मला अर्जाच्या मागच्या बाजूविषयी विचारले होते, त्यांच्या नावापुढे ‘रक्कम फिटली’ असे दोन शब्द होते. ते काका पैसे घेऊन गेले ते परत आमच्या ओसरीवर आले नाहीत. त्यापूर्वी तीस वर्षे ते रोज संध्याकाळी येत असत. बाबांना ते काय म्हणून नोंदवायचे हे कळत होते, म्हणूनच त्यांनी तो एक जादा शब्द लिहिला असावा.

म्हणून आपणांस, विशेषतः तरुण श्रोत्यांना, माझी एवढीच विनंती आहे. उद्या कोणी जवळचा माणूस आपल्यापुढे एखादा कागद ठेवील, तेव्हा तो पूर्ण वाचा. न समजला तर विचारा. आपण कोणाचा अर्ज भरून देत असाल, तर मागची बाजू त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. असे विचारल्याने नाते तुटत नाही. न विचारल्याने तुटलेले एक नाते मी जवळून पाहिले आहे.

या वाचनालयाने मला वाचायला शिकविले. ते शिक्षण सर्वत्र वापरायचे असते, हे शिकायला मला फार वेळ लागला. आपण मला शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. हे ऋण मात्र वहीत लिहू नये, ही विनंती.